डॉक्टरला मिशी हवीच का?

शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. चार वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी मी पाऊण तासाची एक विज्ञाननाटिका लिहिली. एका गावात एक लहान मूल सारखे आजारी पडते, सांधे दुखून रात्रभर रडते. लोक त्याच्या आजीवर संशय घेतात, तिला डाकीण ठरवू पाहतात. तेवढ्यात ओसरीवरच्या बांबूच्या कणगीतून एक अनोळखी माणूस बाहेर येतो. नाव विचारले तर एवढेच सांगतो, ‘डॉक्टर’. ती कणगी बाहेरून पुरुषभर उंच, आत मात्र वाड्याएवढी, आणि ती काळातून मागेपुढे जाते. डॉक्टर गावकऱ्यांना तिच्यात बसवून दोन पिढ्या मागे नेतो आणि दाखवतो की हा आजार सिकलसेलचा आहे. आई आणि वडील या दोघांकडून एकेक सदोष जनुक मिळाले तरच तो होतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. आजीच्या नजरेचा त्यात काही संबंध नाही. आमच्या जिल्ह्यात सिकलसेल आणि डाकीण हे दोन्ही शब्द मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेर भेटतात, म्हणून हा विषय घेतला होता.

कणगीची युक्ती माझी नव्हती. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने एका उन्हाळ्यात मला ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचे भाग दाखवले होते. तिथला नायक पोलिसांच्या जुन्या निळ्या पेटीतून फिरतो. पेटीच्या जागी मी कणगी ठेवली, इतकेच.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तालमी सुरू झाल्या. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा डॉक्टर आलाच नाही. घरच्यांनी मुकादमाची उचल घेतली होती. सगळे गुजरातेत ऊसतोडणीला गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. आमच्याकडे दिवाळीनंतर वर्गातली काही बाके दरवर्षी अशी रिकामी होतात. स्नेहसंमेलन पाच आठवड्यांवर आले होते. तालमीत वही धरून बसणारी, अडलेल्याला हळूच पुढचे वाक्य सांगणारी आठवीतली एक पावरा मुलगी होती. तिला सगळ्यांचे संवाद पाठ होते. मी तिला उभे केले, पेटीतून फेटा काढला आणि गोंदाने चिकटवायची मिशी शोधू लागलो. ती म्हणाली, “सर, डॉक्टरला मिशी हवीच का?”

मी वही उघडून पाहिली. मिशी कुठेही लिहिलेली नव्हती. आधीच्या मुलालाही मिशी नव्हती. तो तेरा वर्षांचा होता. मी हसलो आणि मिशी परत ठेवली. मग तिने दुसरा प्रश्न विचारला: “मग मी ‘सांगतो’ म्हणू की ‘सांगते’?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याने मला चांगलेच अडकवले. मुलीने पुरुषाचे सोंग घेणे ही एक गोष्ट झाली. पात्रच बाई होणे ही अगदी वेगळी गोष्ट. या दोहोंमधला फरक रंगभूमीला, पडद्याला आणि प्रेक्षकाला किती जड जातो, याचा मी त्यानंतर बराच शोध घेतला. तो वाचकांसमोर ठेवतो.

आजारी नटाने दिलेला नियम

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती. त्या गडबडीत तो अनेकांच्या नजरेतून निसटला, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवावा लागला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा अठ्ठावीस वर्षांचीही नव्हती. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा १९३८ साली लखनौत जन्मलेला, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. मालिकेचा नायक दीर्घकाळ पुरुष राहिला, तरी त्याला जन्माला घालणाऱ्यांत एक तरुण बाई आणि एक तरुण हिंदुस्थानी माणूस होता, हे सुरुवातीलाच नोंदवायला हवे.

पहिला डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल तीन वर्षांत थकले. प्रकृती साथ देईना, संवाद विसरू लागले. मालिका तर लोकप्रिय होती. अशा वेळी आपल्या दैनंदिन मालिकांत काय करतात ते घरोघरी ठाऊक आहे: एके दिवशी नवा चेहरा येतो आणि घरातली मंडळी तोच जुना मुलगा किंवा तीच जुनी सून समजून बोलत राहतात. प्रेक्षकाने मुकाट्याने डोळे मिटून घ्यायचे. बीबीसीच्या लेखकांनी ही अडचण कथेतच सोडवली. डॉक्टर पृथ्वीवरचा माणूस नाही. त्याचा देह जीर्ण झाला की तो मरत नाही, नवा देह धारण करतो. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी हार्टनेल जमिनीवर कोसळले आणि पडद्यावर त्यांच्या चेहऱ्याचा पॅट्रिक ट्राउटन झाला. चेहरा वेगळा, उंची वेगळी, स्वभावही वेगळा. आठवणी मात्र त्याच.

आपल्याकडे ‘कायापालट’ हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. इथे तो शब्दशः घ्यायचा. १९७४ मध्ये या क्रियेला मालिकेत ठरावीक नाव मिळाले, १९७६ मध्ये तिला बारा वेळांची मर्यादा घातली गेली आणि २०१३ मध्ये, मर्यादा संपत आली तेव्हा, ती वाढवूनही घेतली. गरजेपोटी केलेली युक्ती अशी नियम बनली. एखाद्या वैज्ञानिक गृहीतकासारखीच तिची तपासणी करता येते. देहातली प्रत्येक पेशी नवी होत असेल, तर नव्या पेशी पुरुषाच्याच का? दाढी, उंची, वय, आवाज बदलतो आणि लिंग तेवढे बदलत नाही, याला कथेत कारण काय?

कथेत कारण नव्हते. कारण कथेबाहेर होते.

एकावन्न वर्षांची वाट

हा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता असे नाही. १९८० मध्ये चौथा डॉक्टर टॉम बेकर मालिका सोडताना पत्रकारांसमोर म्हणाला की पुढे जो कोणी किंवा जी कोणी येईल तिला शुभेच्छा. ती थट्टा होती. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला आणि पुढचा डॉक्टर पुरुषच आला. १९८६ मध्ये मालिकेच्या जनकांपैकी एक, सिडनी न्यूमन यांनी बीबीसीच्या अधिकाऱ्याला गंभीरपणे पत्र लिहून डॉक्टरला बाई करावे असे सुचवले. पत्र फायलीत गेले. १९९९ मध्ये एका धर्मादाय कार्यक्रमासाठी केलेल्या विडंबनात जोअॅना लम्ली काही क्षण डॉक्टर झाली. विनोदात चालले, कारण विनोद संपला की सगळे पूर्ववत होते.

मग लेखकांनी जमीन हळूहळू भुसभुशीत केली. २०११ च्या एका भागात डॉक्टर आपल्या एका जुन्या मित्राची आठवण काढतो, जो कधी पुरुष तर कधी बाई असे. २०१४ मध्ये डॉक्टरचा कट्टर वैरी ‘मास्टर’ हाच बाईच्या देहात परत आला. मिशेल गोमेझने ती भूमिका गाजवली. २०१५ मध्ये डॉक्टरच्याच ग्रहावरचा एक सेनापती प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बाई झाला. खलनायक बदलून पाहिला, दुय्यम पात्र बदलून पाहिले, नायक मात्र शेवटपर्यंत राखून ठेवला. गावात नवी वाट पाडतानाही असेच होते. आधी गुरे जातात, मग बायामाणसे आणि सरतेशेवटी पाटलाची गाडी.

अखेर १६ जुलै २०१७ रोजी, विम्बल्डनच्या पुरुष एकेरीचा अंतिम सामना संपल्यावर, जोडी व्हिटेकर हे नाव जाहीर झाले. त्या वर्षीच्या नाताळात पीटर कपाल्डीच्या देहातून ती बाहेर आली. तेरावा डॉक्टर बाई झाला. नियम झाल्यापासून मोजले तर एकावन्न वर्षे लागली.

७ ऑक्टोबर २०१८ रोजी तिचा पहिला पूर्ण भाग लागला तेव्हा ब्रिटनमध्ये त्याच रात्री सुमारे ८२ लाख लोकांनी तो पाहिला. पुढच्या वर्षांत हा आकडा उतरला. काहींनी खापर तिच्या बाईपणावर फोडले, काहींनी लेखनावर. मी ते भाग पाहिले आहेत. काही कथा खरोखरच सपाट आहेत. नायिका झाली म्हणून कथा आपोआप चांगली होत नाही आणि कथा पडली म्हणून नायिका चुकीची ठरत नाही. पुरुष डॉक्टरांच्या वाट्यालाही रटाळ कथा आल्या होत्या. १९८९ मध्ये तर मालिकाच थांबली आणि एका दूरचित्रपटाचा अपवाद सोडला तर २००५ पर्यंत थांबलेली राहिली. तेव्हा कोणी म्हटले नाही की नायक पुरुष असल्यामुळे ती पडली.

तिच्या काळातले दोन भाग मला विशेष महत्त्वाचे वाटतात. विनय पटेल या लेखकाचा एक भाग १९४७ च्या पंजाबात घडतो. फाळणीच्या दिवसांत यास्मिन या तिच्या सोबतिणीच्या आजीचे लग्न आहे. दुसरा भाग सतराव्या शतकातल्या लँकेशायरमधला. तिथे चेटकिणी ठरवून बायकांना पाण्यात बुडवले जात आहे. डॉक्टरजवळ एक जादूचा कागद असतो. समोरच्याला त्यावर तिचा हुद्दा दिसतो. एरवी त्या कागदाने सगळी दारे उघडतात. इथे राजा जेम्सला त्या कागदावर ती चेटकीण शोधणाऱ्याची फक्त मदतनीस दिसते. बाई प्रमुख असेल हे त्याच्या डोळ्यांना वाचताच येत नाही. पुढे लोक तिलाच चेटकीण ठरवून पाण्यात बुडवतात. पुरुष डॉक्टर असताना ही कथा अशी घडलीच नसती. त्याचे ज्ञान हे ज्ञान मानले गेले असते. तिचे ज्ञान हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला.

हा भाग पाहताना माझ्यासमोर लँकेशायर नव्हते. आमच्या डोंगरातल्या पाड्यांवर ज्या बायकांना डाकीण ठरवून छळले गेले, मारले गेले, त्या होत्या. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, कार्यकर्ते गावोगाव फिरतात, तरी तो शब्द अजून मेलेला नाही. माझ्या नाटिकेत गावाला खडसावून ‘ही डाकीण नाही’ असे सांगण्याचे काम मी न कळत पुरुषाकडे दिले होते. तेच वाक्य मुलीच्या तोंडी आले तर त्याचे वजन बदलणार होते, बोलणाऱ्यावरचा धोकाही बदलणार होता.

आपल्याकडे उलटी गंगा

मराठी वाचक म्हणेल, यात नवल ते काय? आमच्या रंगभूमीवर तर लिंगबदल रोज रात्री होत असे. खरे आहे. पण तो उलट्या दिशेने होत असे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा शकुंतला झाले शंकरराव मुजुमदार. पुढे ती भूमिका भाऊराव कोल्हटकरांकडे गेली. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, याच शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभे राहिले. शकुंतला एकच, देह तीन, तिन्ही पुरुषांचे. आणि कोणालाही कथेत त्याचे कारण द्यावे लागले नाही. बालगंधर्वांची नेसण्याची आणि केशभूषेची ढब घरंदाज बायका उचलत. पुरुषाने घडवलेले बाईपण बाईने आरशात पाहून शिकावे, असा तो काळ.

चित्रपटाचेही तेच. फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. दुहेरी भूमिकेचा हा आपल्याकडचा सुरुवातीचा नमुना. मात्र १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, पडद्यावर आल्या. मोहिनी झाल्या कमलाबाई. मोहिनी म्हणजे कोण? बाईचे रूप घेतलेला विष्णू. तारामती ही बाई पुरुषाने साकारायची आणि मोहिनी हा देव बाईने!

हे सगळे का? बायकांना अभिनय येत नव्हता म्हणून नाही. तमाशात बाई उभी राहिलेलीच होती; पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होती. बायकांच्याच नाटक मंडळ्याही होत्या आणि त्यांत राजापासून शिपायापर्यंत पुरुषपात्रे बायकाच करत. कमलाबाईंनीही पुरुषभूमिका केल्या. पण तमाशातल्या बाईची जात ठरलेली होती आणि तिच्याकडे पाहण्याची नजरही ठरलेली होती. संगीत नाटकाने स्वतःला प्रतिष्ठित म्हणवून घेतले, त्या प्रतिष्ठेची एक किंमत अशी की घरंदाज बाई प्रेक्षागृहात बसेल, रंगमंचावर येणार नाही. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर पुरुष नटांबरोबर स्वतःच्या मंडळीतून उभ्या राहिल्या, १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई भोळे आल्या, तेव्हा कुठे बाईची भूमिका बाईने करणे ही बातमी राहिली नाही.

बालगंधर्वांची कला थोर होती, यात शंका नाही. पण शकुंतलेच्या जागी कोण उभे राहील हे कालिदास ठरवत नव्हता. रात्री उशिरापर्यंत घराबाहेर राहायची, गावोगाव फिरायची आणि त्याचे पैसे घ्यायची मुभा कोणाला आहे, त्यावरून ते ठरत होते. लंडनमध्ये एकावन्न वर्षे पुरुषच डॉक्टर राहिला त्याचे कारणही याच जातीचे. दोन्हीकडे पात्राची अडचण नव्हती.

हसू कोठे येते

आता प्रेक्षकाकडे पाहू. आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त आधी बापूराव माने, मग विजय चव्हाण आणि अलीकडे भरत जाधव लुगड्यात उभे राहिले. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, २०१८ च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगल्यांनी. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या दिवसांत, तमाशाच्या तंबूत गवळणींबरोबरची मावशी पुरुषच असतो. लोक खदखदून हसतात. पुरुष बाई झाला की तो स्वतःहून एक पायरी खाली उतरला असे आपण मानतो, म्हणून हसू येते. बालगंधर्वांना कोणी हसले नाही, कारण त्यांनी ती पायरी मानलीच नाही.

होळीला आमच्या सातपुड्यात याहून निराळे काही दिसते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला रात्रभर माणसांचा पूर लोटतो. नवस केलेले पुरुष कित्येक दिवस कडक नियम पाळतात आणि अंगावर पांढरे ठिपके काढून, मोरपिसांचे टोप घालून, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून नाचतात. काही पुरुष बाईचे रूप घेतात. भोवतालची माणसे मजा घेतात, पण त्या सोंगामागे व्रत आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. ज्याने ते रूप घेतले तो लहान होत नाही.

मग बाईने पुरुषाची जागा घेतली तर? तिथे सहसा हसू येत नाही. आधी शांतता पसरते, मग हरकत निघते. व्हिटेकरचे नाव जाहीर झाले तेव्हा विनोद कमी आणि तक्रारी जास्त झाल्या, त्याचे कारण हेच असावे. बाईने सोंग घेतले तर चालते. तिने जागा घेतली की लोक ‘ही जागा कोणाची?’ असे विचारू लागतात.

क्रियापदाची शेपटी

इंग्रजांना एक सोय आहे. तिथे ‘मी’ म्हणणाऱ्याचे लिंग वाक्यात दिसत नाही. जुन्या डॉक्टरचा संवाद नव्या डॉक्टरच्या तोंडी जसाच्या तसा देता येतो. मराठीत ती पळवाट नाही. आपल्याला ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांपैकी एक निवडावेच लागते. गंमत म्हणजे आमच्या खानदेशातल्या अहिराणीत ‘मी सांगस’ म्हटले तर बोलणारा बाप्या आहे की बाई, हे कळत नाही. प्रमाण मराठीत मात्र शेपटी लागतेच.

म्हणून त्या मुलीचा प्रश्न व्याकरणाचा दिसत असला तरी मूळ प्रश्नच होता. ती ‘सांगतो’ म्हणाली असती तर ती मुलाचे सोंग घेतलेली मुलगी. आजीला वाचवणारा पुरुषच, फक्त यंदा मुलगा मिळाला नाही म्हणून मुलगी उभी केली, असे लोक समजले असते. ती ‘सांगते’ म्हणाली तर डॉक्टरच बाई. पहिली बालगंधर्वांची वाट उलटी चालणे, दुसरी व्हिटेकरची.

दुसरी वाट आपल्या परंपरेला परकी आहे असे कोणी म्हणू नये. भागवतातला सुद्युम्न वनात शिरताच बाई झाला, इला म्हणून त्याने पुरूरव्याला जन्म दिला. चंद्रवंशाची पुढची वंशावळ तिथूनच निघते. त्या कथेत देह बदलतो, माणूस तोच राहतो. लंडनच्या लेखकांना १९६६ मध्ये जे सुचले ते पुराणिकांना फार आधी सुचले होते.

राहिला ‘डॉक्टर’ हा शब्द. एके काळी ‘डॉक्टरीणबाई’ म्हणजे डॉक्टरांची बायको असाही अर्थ होता, जशी मास्तरांची मास्तरीण. त्याच भाषेतल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन डॉक्टर झाल्या आणि वर्षभरात, एकविसाव्या वर्षी, गेल्या. त्यांना रुग्ण तपासायला वेळ मिळाला नाही. पण त्या दिवसापासून मराठीत ‘डॉक्टर आल्या’ हे वाक्य शुद्ध ठरले. म्हणजे व्याकरणाचीही अडचण १८८६ मध्येच संपली होती. अडचण होती ती माझ्या लाल पेनाची.

मी वही घेऊन बसलो आणि डॉक्टरचे प्रत्येक क्रियापद बदलले. चाळिसाहून जास्त जागा निघाल्या. ‘घाबरू नका, मी पाहतो’ याचे ‘मी पाहते’ झाले आणि वाक्य आईसारखे वाटू लागले. ‘मी सांगतो ते ऐका’चे ‘मी सांगते ते ऐका’ झाले आणि मलाच ते उद्धट वाटले. एकच अक्षर बदलले होते. उद्धटपणा वाक्यात नव्हता, माझ्या कानात होता. म्हणून ते वाक्य मी सौम्य केले नाही, तसेच ठेवले.

प्रयोगाच्या दिवशी मैदानात गावकरी बसले होते. कणगीतून ती बाहेर आली तेव्हा मागे थोडी खसखस पिकली. आजीला ओढत नेण्याचा प्रवेश आला. ती मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, “हिला हात लावू नका. मी सांगते ते ऐका.” मैदान गप्प झाले. ती शांतता आदराची होती की नाराजीची, हे मला आजही सांगता येणार नाही. नंतर एक म्हाताऱ्या बाई शाळेच्या ओट्यावर येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. एक गृहस्थ मला म्हणाले, “गुरुजी, पोरीला कशाला पुढे केले? लोक उद्या तिलाच काही म्हणतील.” ते तिच्या काळजीने बोलत होते. लँकेशायरच्या कथेत जे घडले तेच त्यांना दिसत होते.

ज्याची जागा गेली तो

२०१७ मध्ये पाचवा डॉक्टर झालेल्या पीटर डेव्हिसनने एक खंत बोलून दाखवली होती: मारामारीपेक्षा बुद्धीने संकट सोडवणारा एक नायक मुलग्यांकडून गेला. त्याच्यावर टीका झाली. सहावा डॉक्टर कॉलिन बेकर यानेच त्याला जाहीरपणे विरोध केला. मीही आधी डेव्हिसनला मोडीत काढले होते. पण होळीला आमचा पहिला डॉक्टर गावी आला.

ऊसतोडणीला गेलेली माणसे होळीला जमेल तशी परततात. मुलगा काळवंडला होता, तळहातांना उसाच्या पाचटाचे चरे होते. शाळेच्या फाटकाशी थांबून त्याने विचारले, “सर, माझा डॉक्टर कोणी केला?” मी सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तिने ‘सांगतो’ म्हटले की ‘सांगते’?” मी म्हटले, “सांगते.” तो म्हणाला, “मग माझा ‘सांगतो’ राहिला ना सर.”

ते बोलणे मी अजून विसरलो नाही. डेव्हिसनच्या खंतीत तथ्य होते, पण तिचा रोख चुकला होता. या मुलाची जागा मुलीने घेतली नव्हती. ती उचलीने घेतली, मुकादमाच्या ट्रकने घेतली. आणि त्याची भूमिका संपलीही नव्हती. ती मिशी लावून ‘सांगतो’ म्हणाली असती तर तिने त्याची नक्कल केली असती. ‘सांगते’ म्हणाली, म्हणून त्याचा डॉक्टर त्याच्याकडेच राहिला.

‘डॉक्टर हू’च्या नियमाचा जो भाग मला तोवर नीट उमगला नव्हता, तो इथे उमगला. त्या कथेत जुने देह नाहीसे होत नाहीत. काळप्रवासी असल्यामुळे ते एकमेकांना भेटू शकतात. मालिकेच्या दहाव्या वर्षी तिघे भेटले, पन्नासाव्या वर्षी पुन्हा बरेच जण. व्हिटेकरची पाळी ऑक्टोबर २०२२ मध्ये संपली, पुन्हा पुरुष नट आले, त्यांत रवांडात जन्मलेला शूटी गटवाही होता. त्याआधी २०२० मध्ये जो मार्टिन ही कृष्णवर्णीय अभिनेत्री डॉक्टरच्या विसरलेल्या भूतकाळातला एक देह म्हणून आली. म्हणजे तेरावी ही पहिली बाई नव्हतीच, असे कथेने मागाहून सांगितले. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही. मला मात्र त्यातून एवढे समजले की नायकपद हे एकाच्या नावावर चढवायचे शेत नव्हे. सातबाऱ्यावर जुने नाव ठेवूनही नवे नाव लावता येते.

दुसऱ्या वर्षी मी नाटिकेचा दुसरा भाग लिहिला. गावातल्या आणि संस्थेतल्या काही मंडळींनी खटपट करून तोडणीला जाणाऱ्या घरांतल्या चार मुलांना वसतिगृहात जागा मिळवून दिली. त्यांत तो होता. चौघांचीच सोय झाली, बाकीची बाके त्या वर्षीही रिकामी राहिली. नाटिकेत शेवटी आजी विचारते, तुमच्यातला खरा डॉक्टर कोण? तोवर कणगीतून दोघे बाहेर आलेले असतात. तो म्हणतो, “मी सांगतो.” ती म्हणते, “थांब, मी सांगते.” या ठिकाणी मैदानात लोक मोकळेपणी हसले. मागच्या वर्षीच्या शांततेचे उत्तर मला त्या हसण्यात मिळाले असे मी म्हणणार नाही. पण तेवढ्या वेळात आजीला ओढून नेणारे गावकरी बाजूला सरले होते आणि रंगमंचावर आजी कणगीला टेकून निवांत बसली होती.